शेवळाचा घास

भाजीवालीने शेवळाच्या जुडीबरोबर दिलेली काकडं कुंदाने सासूबाईंच्या डोळ्यांदेखत केराच्या डब्यात टाकली. त्या हिरव्या आंबट फळांचा रस घातल्याशिवाय शेवळाच्या रानभाजीची घशातली खाज जात नाही, हे सासूबाईंइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण अर्धांगाने त्यांची वाचा गेली होती. खुर्चीत बसून त्या नुसत्या डब्याकडे बघत राहिल्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी यवतमाळहून नवीनच लग्न होऊन आलेल्या कुंदाने अशीच काकडं न कळून फेकली होती. तेव्हाही सासूबाई बघत होत्या आणि तेव्हा त्यांना चांगलं बोलता येत होतं. त्या बोलल्या नाहीत. पाहुण्यांसमोर पहिला घास मात्र त्यांनी तिलाच घ्यायला लावला. तिच्या घशात सुया टोचत होत्या आणि सगळी पंगत हसत होती. नवराही.

कुंदाने मऊ शिजवलेल्या भाजीचा चमचा पुढे केला. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"खा ना, आई. मी नव्हती का खाल्ली?"

ओठ उघडले नाहीत. डोळे तेवढे वाहायला लागले.

तेवढ्यात नवरा कामावरून आला. वाटीत शेवळं आणि आईच्या डोळ्यांत पाणी बघून तो तिच्या खुर्चीशी येऊन बसला.

"किती वर्षांनी मिळतायत तिला. आण इकडे, मी भरवतो."

कुंदाने वाटी त्याच्या हातात दिली. त्याने आईच्या केसांवरून हात फिरवला, चमचा भरला आणि म्हणाला, "आ कर बघू."

मुलाच्या हातचा घास होता. सासूबाईंनी तोंड उघडलं.