शब्दांच्या आठ जाती

“‘घर’?”

“नाम.”

“‘जुनं’?”

“विशेषण. पण जुनं कुणाला म्हणतेस? कौलं गेल्या वर्षीच बदललीत.”

दोनेवाबाईंनी कपाळावर हात मारला. बाईंनी अर्धा जन्म रशियन शिकवलं, राज्य बदललं तशी एका उन्हाळ्यात इंग्रजी शिकून तेही शिकवलं. पण स्तामेनासारखी विद्यार्थिनी त्यांना कधी भेटली नव्हती. सत्तरी ओलांडलेली, आणि प्रत्येक शब्दाशी भांडण. केवलप्रयोगी अव्ययं तेवढी तिला न शिकवता येत होती, कोंबड्यांवर ओरडून ओरडून.

नवरा गेल्यावर स्तामेनाने घर मुलाच्या नावावर केलं होतं. आमच्या गावात सगळ्याच आया करतात. आता इंग्लंडात राहणाऱ्या झिवकोने ते विकायला काढलं होतं आणि आईची सोय शहरातल्या वृद्धाश्रमात लावली होती. एक इंग्रज जोडपं रविवारी घर बघायला येणार होतं. त्यांतल्या बाईची एकच अट होती: म्हातारीची स्वतःची इच्छा असेल तरच घर घेऊ, आणि ते मी तिलाच विचारीन.

“मग नुसतं ‘नो’ म्हण आणि मोकळी हो,” दोनेवाबाई म्हणाल्या. “त्याला आठ जाती कशाला?”

“नुसतं ‘नो’ म्हणजे कुत्रं भुंकल्यासारखं वाटतं. मला अख्खं वाक्य म्हणायचंय. हे घर माझं आहे, मी इथंच मरणार. पोराच्या तोंडून नाही, माझ्या तोंडून. बघतेच कोण हलवतं मला.”

“बरं बाई. इथवर कळलं?”

स्तामेनाने मान डावी-उजवी हलवली.

“ही आपली गावची मान पाहुण्यांपुढं नको हं,” बाई हसल्या. “लंडनला गेले होते तेव्हा चहावाली विचारायची, साखर हवी? मी आपली नको म्हणून मान वरखाली करायची, की ती आणखी एक चमचा टाकायची. चहाचा पाक झाला नुसता!”

“उलट्या डोक्याची माणसं,” स्तामेना म्हणाली. “पुढचं विचार.”

शनिवारी झिवको आला. चुलीवर, कपाटावर, खिडकीवर आईने इंग्रजी चिठ्ठ्या डकवलेल्या पाहून तो आधी खो खो हसला.

“हे काय गं आई? वृद्धाश्रमात कुणाशी इंग्रजी बोलणार तू?”

“वृद्धाश्रमात नाही. उद्या. पाहुण्यांशी.”

झिवकोच्या हातातला बनित्साचा, चीज भरलेल्या पोळीचा, तुकडा तसाच ताटात पडला. तो उठला आणि भिंतीवरची देवमातेची तसबीर काढून आईपुढे धरली.

“शपथ घे. उद्या तोंडातून एक शब्द काढायचा नाहीस. आपल्या भाषेत नाही आणि त्यांच्याही नाही. काढलास तर मी पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही. बाबांच्या थडग्यावरसुद्धा येणार नाही.”

एकुलता एक मुलगा. स्तामेनाने तसबिरीवर ओठ टेकले.

“एक शब्द काढणार नाही.”

हे कळलं तेव्हा दोनेवाबाई तणतणत आल्या. “अगं, जीभच कापून दिलीस की! मग एवढे दिवस माझं डोकं कशाला खाल्लंस?”

“शपथ म्हणजे शपथ,” असं म्हणून स्तामेना शेंगा सोलत राहिली.

रविवारी पाहुणे आले. इंग्रज बाई मऊ चेहऱ्याची होती. तिचा नवरा हातात टेप घेऊन भिंती ठोकून बघत होता. चेरीखालच्या बाकाजवळ स्तामेना खुर्चीत बसली होती, ओठ गच्च मिटून. शेजारधर्म म्हणून दोनेवाबाई मुरंब्याची बरणी घेऊन हजर होत्याच.

झिवकोने सगळ्यांसमोर मोठ्याने, आमच्या भाषेत विचारलं, “आई, यांना घर द्यायचं ना?”

स्तामेनाने नकार दिला. मानेनेच.

झिवकोने पाहुण्यांकडे वळून हसत हात पसरले. इंग्रज बाईचा चेहरा फुलला.

“आणि इथून जायला तयार आहेस ना?”

पुन्हा नकार. इंग्रज नवऱ्याने झिवकोची पाठ थोपटली.

दोनेवाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बोलायला उठल्या, पण स्तामेनाने असे डोळे वटारले की त्या बसल्या. मग स्तामेनाने त्या पाहुणीच्या हसण्याकडे एकवार नीट निरखून पाहिलं.

इंग्रज बाई पुढे आली. खुर्चीशी उकिडवी बसली आणि म्हातारीचे हात हातात घेऊन तिने अगदी सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं, हे घर सोडून जावं असं तुम्हाला वाटतं का? यातला शब्द न् शब्द दोनेवाबाईंनी घोटून घेतलेला होता. स्तामेनाला तो कळला होता, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

आणि स्तामेनाने होकार दिला. सावकाश, ठासून, पाहुणीच्या डोळ्यांत डोळे घालून.

दोनेवाबाईंचं अवसान गळालं. सगळी जिद्द अशी मातीत गेली म्हणायची! झिवकोने मात्र वाकून आईचा मुका घेतला. “शाब्बास गं माझी आई!” आईसमोर आला की त्याचं इंग्लंड कुठल्या कुठे जायचं, पुन्हा गावचा पोर व्हायचा तो.

इंग्रज बाई उभी राहिली. नवऱ्याच्या हातातला टेप तिने घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

“ती नाही म्हणतेय,” ती नवऱ्याला म्हणाली. “चल.”

“नाही, नाही!” झिवको तिच्यामागे धावला. “आमच्याकडे त्याचा अर्थ...”

“हो का? मग मघाशी दोनदा मान वरखाली केली तिने, त्याचा अर्थ काय?” तिने विचारलं.

झिवकोने वळून आईकडे पाहिलं. फाटक वाजलं, गाडी वळणाआड गेली.

“एक शब्द काढला नाही हं मी, पोरा,” स्तामेना म्हणाली. “आठांतल्या कुठल्याच जातीचा.”