फोडणीचं कढलं

कॉफी फसफसून वर आली आणि प्रीतानं पुन्हा घड्याळ पाहिलं.

परदेशातल्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, साड्यांच्या दुकानासमोर केरेमची टर्किश कॉफीची गाडी उभी होती. गाडीवर तापलेली वाळू, वाळूत लांब दांड्यांची तांब्याची भांडी. प्रीताची आई, शैलजाताई, वाकून बघत होत्या. “अगं, फुटाणे भाजतात तशी वाळू आहे की!” त्यांच्या लेखी हा कुणी कॉफीवाला होता. निदान प्रीता तरी तसं धरून चालली होती.

केरेम हा प्रीताचा होणारा नवरा. हे दोघांचं ठरलेलं होतं, फक्त आईला सांगायचं राहिलं होतं. शैलजाताई दुसऱ्या राज्यातल्या नोव्हायहून लेकीकडे चार दिवस आल्या होत्या आणि आज दुपारच्या ट्रेननं परत निघणार होत्या. “आज नक्की सांगते,” असा प्रीतानं केरेमला शब्द दिला होता. काल सांगणारच होती, तेवढ्यात आईनं ऋषीचा विषय काढला. ऋषी नोव्हायचाच, इंजिनिअर, आईच्या भाषेत दृष्ट लागण्यासारखं स्थळ. परवा तर कहरच झाला. केरेमनं दिलेलं कॉफीचं भांडं ओट्यावर आईच्या हाती लागलं आणि प्रीता घाईनं बोलून गेली, “ते? ते फोडणीचं कढलं आहे.” आईनं भांडं उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी नेलं, “बरं” म्हणाली आणि मोबाइलवर सिरीयल लावून भाजी निवडायला बसली.

प्रीता फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर पेशंटना धीर द्यायची. घरी येईपर्यंत स्वतःपुरता काही शिल्लक राहत नसावा.

“शुगर, आंटी?” केरेमनं विचारलं.

“लिटल,” शैलजाताई म्हणाल्या.

त्यानं दोन छोटे कप भरून पुढे केले. शैलजाताईंनी एक घोट घेतला आणि डोळेच मिटले. “काय सुंदर आहे गं!”

“आई, खालचा गाळ नको पिऊस हं.”

“माहितेय मला.”

शैलजाताई चवीचवीनं पीत होत्या. प्रीता आपला कप नुसता हातात फिरवत होती. तिला केरेमनं सांगितलेली त्याच्या घरची रीत आठवत होती. मुलाकडचे मागणी घालायला आले, की मुलगी कॉफी करते आणि मुलाच्या कपात गुपचूप मीठ टाकते. तोंड वाकडं न करता त्यानं ती प्यायली, तर मुलगा पसंत. “आमच्याकडे मुलगी पोहे करते आणि मीठ जास्त झालं तर तीच नापास होते,” असं म्हणून प्रीता तेव्हा पोट धरून हसली होती. आता तिला हसू येत नव्हतं. ट्रेनची वेळ होत आली होती.

“आपण दोघीच काय पितोय?” शैलजाताई एकदम म्हणाल्या. मग केरेमकडे वळल्या. “यू ऑल्सो टेक. मेक वन फॉर युवरसेल्फ.”

केरेमनं स्वतःसाठी कप भरला. शैलजाताईंनी हात पुढे करून तो आपल्याकडे ओढला, पर्स उघडली आणि ट्रेनमध्ये काकडीबरोबर खायला आणलेली छोटी डबी काढली. दोन चांगल्या चिमटी कपात पडल्या.

“आई! ते मीठ आहे!” प्रीता ओरडली. “केरेम, आय ॲम सो सॉरी, शी थॉट इट्स शुगर—”

“डोळे शाबूत आहेत माझे,” शैलजाताई म्हणाल्या आणि कप त्याच्यापुढे धरला.

केरेमनं कपाकडे पाहिलं. मग शैलजाताईंकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला आणि थांबत थांबत, गाळाला टेकेपर्यंत सगळी कॉफी प्यायली. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“व्हेरी गुड कॉफी, आंटी.”

“पास,” शैलजाताई म्हणाल्या.

प्रीतानं आपला कप गाडीवर ठेवला. “आई, तुला... हाऊ डिड यू नो?”

“असं कढलं मी जन्मात पाहिलं नाही. ना हळदीचा डाग, ना तेलाचा चिकटा, वर कॉफीचा वास. रोज बघते ना मी ते भांडं आणि ती मिठाची कॉफी सिरीयलमध्ये. बोलतात हिंदीत, पण माणसं तुर्कस्तानची आहेत ती. आणि साखर किती म्हणून यानं मला विचारलं, तुला विचारलंच नाही. तुझी बिनसाखरेची याला बरी ठाऊक!”

“आणि ऋषी?”

“त्याच्या आईला कालच नाही म्हणून कळवलं. बाबांचं मी बघते.”

कितीतरी महिन्यांनी प्रीतानं छातीभर श्वास घेतला. ती रडत होती आणि हसतही होती, आणि केरेम पाण्याची बाटली घटाघटा रिकामी करत होता.

“मग घरी का नाही बोललीस?” तिनं डोळे पुसत विचारलं. “आणि मीठ तू का घातलंस? ते मुलीनं घालायचं असतं!”

“माहितेय,” शैलजाताई डबीचं झाकण लावत म्हणाल्या. “पण तुझी वाट बघत बसले असते, तर त्याची कॉफी गार झाली असती.”