हिरवी आणि पांढरी

दादा गेल्यावर त्याचा गेम कन्सोल वहिनीनं माझ्या टेबलावर आदळला. "त्यानं कीबोर्ड आत बसवून ठेवलाय, पण चालत नाही. पोरीला हवाय."

आत हिरवी आणि पांढरी, डेटाच्या दोन्ही तारा उलट जोडलेल्या. दादाची जुनी खोड. चूक दाखवली की सोल्डरचा धूर माझ्या तोंडावर फुंकायचा.

मी तारा सुलट केल्या, झाकण लावलं. चालेना. उघडून पाहिलं, तर पुन्हा उलट.

"तूच चुकली असशील," वहिनी म्हणाली.

"अगदी त्याच्यासारखं बोललीस."

परत सुलट जोडल्या. सोल्डरिंग गन बंद करून लांब ठेवली. झाकण उघडंच ठेवलं. दोघी बघत बसलो.

"जिवंतपणी तरी कुणाचं ऐकलं त्यानं?" वहिनी कडवट हसली.

तारांच्या थंड सांध्यातून धूर निघाला. वर गेला नाही. सरळ माझ्या तोंडावर आला.