अळ्यांचा डबा

मिनेसोटातल्या गोठलेल्या तलावावर तंबू उभा राहिला, गिरमिटाने बर्फाला भोक पडलं, खालचे मासे दाखवणारा स्क्रीनही सुरू झाला. मग सोबत आलेल्या बाबांसमोर जयवंतने आमिषाच्या अळ्यांचा डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. आत भाजलेली सुकट होती, महिन्यापूर्वी आईने हर्णैहून आणलेली.

त्याने घरी फोन लावला. "आई, डब्यातल्या अळ्या कुठे गेल्या?"

"फेकल्या. फ्रिजमध्ये अळ्या पडेपर्यंत तुमचं लक्ष नसतं. डबा गरम पाण्याने दोनदा घासला, मग तुमची न्याहारी भरली."

"त्या मी विकत आणल्या होत्या."

"अळ्या? विकत?"

दोन हिवाळे दर रविवारी रिकाम्या हाताने परतलेला जयवंत चरफडत सामान आवरू लागला. चाळीस वर्षं समुद्रावर होडी हाकलेल्या बाबांनी मात्र त्याची हातभर काठी उचलली आणि गळाला सुकट टोचली. काठी वाकली. तळहाताएवढा मासा वर आला. मग दुसरा. मग तिसरा.

जयवंतने गुपचूप पुन्हा फोन लावला. "आई, सुकट अजून आहे का गं?"

"आहे," आई म्हणाली. "पण ती मी माणसांसाठी आणलीय."