कुलिकायो

मसाका या आफ्रिकन शहरात आलेला अमेरिकन धर्मप्रचारक तीन दिवस एकच सांगत होता, "पुरुषाशी संसार करणाऱ्या पुरुषांची नावं द्या." नावं दिली की पोलीस येत होते. तिसऱ्या दिवशी प्रवचन संपल्यावर म्हातारा मुवोंगे त्याच्या तंबूत गेला. "माझ्या शेजारी तसले दोघं आहेत," तो म्हणाला.

"तुम्ही काय पाहिलंत, ते विचारताहेत," दुभाषी नाबुकेन्या म्हणाली.

"संध्याकाळी एक जण कामावरून आला, की दुसरा आतून 'कुलिकायो' म्हणतो. भिंतीला भिंत आहे, मला रोज ऐकावं लागतं."

"आलास का, दमला असशील, एवढंच ना आजोबा? हे तर माझी सासूही मला म्हणते, आणि आमचं दोघींचं मुळीच पटत नाही."

"तुला म्हणायला निदान सासू आहे. माझ्या घरात दोन वर्षं कुणी म्हटलेलं नाही. मग त्यांनाच का रोज मिळावं?"

प्रचारकाने वही उघडली. "नावं काय सांगतोय हा?"

नाबुकेन्या त्याच्याकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "यांची बायको वारली आहे. यांच्यासाठी प्रार्थना करा."