तीनशे ओहमचा लोड

“हेडफोन नवा हाय, बाई. लोड बी नवाच लावा,” बसलिंगप्पा गेल्या वर्षी म्हणाले होते. दाक्षायणी तेव्हा घड्याळ बघत होती. तीन महिन्यांचं बाळ घरी, अंगावर दूध भरून आलेलं. “बी. एस्सी. झालेय मी, अण्णा,” ती म्हणाली होती.

कान तपासायचं ते मशीन वर्षानं पुन्हा बसलिंगप्पांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आलं. हेडफोन काढायचा, त्याच्या जागी लोड लावायचा, म्हणजे हेडफोनइतक्याच ओहमचा अंगठ्याएवढा प्लग. मग मीटरचा काटा खुणेवर आणायचा. वर्षाकाठी एवढंच काम. तिनं खण उघडला. नेलपॉलिशच्या लाल ठिपक्याचा दहा ओहमचा प्लग हाताळून काळा झाला होता. शेजारी पिवळ्या ठिपक्याचा, तीनशेचा. त्याच्यावरचा मेणकागद तसाच होता. कागदावर तिच्याच अक्षरात, मार्च ७६.

नवा हेडफोन तीनशेचा होता.

तिनं कागद फोडला, प्लग लावला. काटा खूण ओलांडून टोकाला जाऊन टेकला. मीटरची पट्टी बदलून तिनं पुन्हा बघितलं.

“किती?” बसलिंगप्पांनी मान वर न करता विचारलं.

“पाचपट.”

“जास्त?”

“जास्त. गेल्या वर्षी मी जुना दहाचाच प्लग लावला. त्याच्यावर काटा खाली पडला होता. मी आवाज वाढवून वर आणला.”

त्यांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. “म्हंजे कमी ऐकणारं पोर बी पास झालं असंल की.”

त्यानंतरच्या कानतपासणीच्या शिबिरात मशीन घेऊन तीच बसली होती. चंद्रव्वा नावाची म्हातारी नातीला दंडाला धरून घेऊन आली. “मागनं हाक मारली तर वळतच न्हाय बघा. लई हेकट हाय का भैरी हाय, तेवडं सांगा.” हेडफोन लावल्यावर पोरीनं प्रत्येक आवाजाला बोट वर केलं. दाक्षायणीनं चिठ्ठीवर ‘ठीक’ लिहिलं.

“ऐकू येतंय, आजी. मशीन खोटं बोलत नाही.”

म्हातारीनं तिथंच पोरीच्या पाठीत धपाटा घातला. “सोंग करतीस व्हय गं? चल घरी, बघतेच तुला.” पोरगी रडली नाही. दाक्षायणीच्या ओठांकडे बघत राहिली.

“पोरं परत तपासता येतील,” बसलिंगप्पा म्हणाले. “शाळंत यादी हाय.”

“ती शाळेतली नव्हती.”

शिबिराच्या वहीत शेवटच्या पानावर ती सापडली. नीलम्मा, वय सात, होटगी. बस्स.

रविवारी दाक्षायणी होटगीला गेली. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “ऊस तोडाया गेलीत, माळशिरसकडं. कुटल्या फडावर, कुनाला ठावं?” दाक्षायणीनं मान हलवली आणि परतीची एसटी धरली.

घरी बाळ भिंतीकडे तोंड करून डब्याचं झाकण आपटत होतं. तिनं चपलाही न काढता दारातून हळूच हाक मारली. बाळ वळलं. तिनं पुन्हा मारली. पुन्हा वळलं. ती मारतच राहिली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “अगं, ऐकतोय की तो.”

तुम्ही माळशिरसकडचे असाल, तर फडावर एवढं बघा. नीलम्मा, आता आठ वर्षांची. उजव्या भुवईवर व्रण आहे. तिच्या मागे उभे राहा आणि हाक मारा. ओरडू नका, घरात बोलतो तेवढ्याच आवाजात. वळली नाही, तर आधी तिच्या आजीचा हात धरा.