गायकाने फेकलेला टॉवेल

"हा बघा, पंचवीस वर्षांत एकदाही धुतलेला नाही," म्हणत मोकाशीने पिशवीतून पांढरा टॉवेल काढला आणि आमच्या चाहता मेळाव्यात शांतता पसरली.

आमच्या लाडक्या रॉक गायकाने शाळेच्या मैदानावरच्या त्या कार्यक्रमात घाम पुसून गर्दीत भिरकावलेला हाच तो एकमेव टॉवेल. शांतता एवढ्यासाठी, की तो एकमेव टॉवेल बाकीच्या दहा जणांच्या पिशवीतही होता. माझा निळा होता.

"माझ्या तोंडावर येऊन पडला होता!"

"तुझ्या? तू तर कुंपणाबाहेर सायकलवर उभा होतास!"

प्रकरण गचांडी धरण्यापर्यंत गेलं, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. म्हणजे खुद्द तो गायकच. केस गेलेले, गुडघ्याला पट्टा. अकरा टॉवेल बघून बिचारा गोंधळला.

"टॉवेल कसला? डिसेंबरची थंडी होती, घाम कुठला यायला? मी शाल फेकली होती. तुमच्या नगराध्यक्षांनी गाणं मधेच थांबवून माझा सत्कार केला ना, त्यातली."

आम्ही टॉवेलांच्या घड्या घातल्या. मोकाशीने तर त्याच्या टॉवेलने आधी स्वतःचं कपाळ पुसून घेतलं.

यंदाच्या मेळाव्याला अकरा शाली आल्या. माझ्या शालीवरचं दुकानाचं लेबल मी हॉलच्या दाराबाहेरच तोडलं आणि आत जाऊन ती सगळ्यांच्या नाकासमोर धरली.

"घ्या वास. अजून त्याच्या घामाचा येतो."